समोरचे बेट

गेली अठरा-वीस वर्षे टेबलाच्या ज्या बाजूला आम्ही दोघी उभ्या राहत आलो, तिच्या विरुद्ध बाजूला बसायची वेळ आली तेव्हा पहिली जाणवलेली गोष्ट ही, की विद्यार्थी जे काही करतात त्याला सबळ कारणे असतात. शिक्षकाची नजर आपल्याकडे वळू लागली की वहीत डोके घालणे, उत्तर येत असूनही गप्प राहणे, शेजारणीच्या वहीत डोकावणे, भिंतीवरच्या घड्याळाशी सलगी करणे – हे सारे आम्ही पहिल्या तासाभरातच करून झालो. शिकवणारा तरुण आमच्या विद्यार्थ्यांच्या वयाचा होता. त्याने आमच्यापैकी एकीला आयरिश भाषेत नाव विचारले. प्रश्न कळला होता, उत्तरही आदल्या रात्री पाठ केले होते, पण आयत्या वेळी तिच्या तोंडून निघाले ते चक्क "माझं नाव..." असे. वर्ग हसला. त्या हसण्यात वाईट काही नव्हते, तरी कान तापायचे ते तापलेच.

वर्गात आम्ही अकरा जण होतो. डब्लिनचा एक निवृत्त बसचालक होता. शाळेत दहा-बारा वर्षे आयरिश शिकूनही त्याला ती बोलता येत नव्हती, आणि मरण्यापूर्वी एकदा बोलायची होती. आजी याच किनाऱ्यावरून बोटीने गेली म्हणून मॅसॅच्युसेट्सहून आलेल्या एक बाई होत्या. दोन जर्मन मुली होत्या, ज्यांचे व्याकरण शिक्षकालाही अधूनमधून सावध करी. आणि आम्ही. आमची कोणाची आजी इथून गेलेली नव्हती, की कोणाचे सासर इथे नव्हते. "तुम्ही का आलात?" हा प्रश्न पंधरा दिवसांत झाडून सगळ्यांनी विचारला.

सांगण्यासारखे कारण असे, की आमच्यापैकी एकीची भाची डब्लिनला नोकरी करते, २०२३ च्या जूनमध्ये तिच्याकडे जायचे ठरले होते, आणि नुसते हिंडण्यापेक्षा काही शिकावे असे वाटले. न सांगण्यासारखे कारण वेगळे होते. त्या वर्षी आमच्या महाविद्यालयात विशेष मराठीच्या वर्गाला सात विद्यार्थी होते. भाषा मरणार की जगणार या विषयावर चर्चासत्रांतून आम्ही बरेच बोललो आहोत. निबंध वाचले आहेत, प्रमाणपत्रे मिळवली आहेत. मरू घातलेली म्हणून जगभर जिचा उल्लेख होतो अशी एक भाषा जवळून पाहावी, असे कुठेतरी मनात होते. आपल्याकडे आजारी माणसाला बघायला जातात, तसेच काहीसे. पण ज्यांच्या घरी गेलो त्यांना हे कसे सांगावे?

मराठी वाचकाचा आयर्लंड हा बहुतांशी इंग्रजीत लिहिणाऱ्यांचा आयर्लंड आहे. शॉ, येट्स, जॉइस, सिंज; बेकेट इंग्रजीबाहेर गेला तोही फ्रेंचमध्ये. १९१२ च्या इंग्रजी 'गीतांजली'ला येट्सची प्रस्तावना होती, हे आपण आवर्जून सांगतो. राजकारणाच्या बाजूने पाहिले तर टिळकांनी १९१६ साली काढलेल्या होमरूल लीगचे नावही तिकडूनच आलेले. पण या देशाला स्वतःची भाषा आहे, ती इंग्रजीची बोली नव्हे, तिच्यात हजाराहून अधिक वर्षांचे लिखित वाङ्मय आहे, हे आम्हांला एम.ए. होईपर्यंत धड ठाऊक नव्हते. सिंजची समुद्रकाठची एकांकिका तौलनिक साहित्याच्या पेपरासाठी वाचली होती. तिच्यातली म्हातारी इंग्रजी बोलते, पण ते इंग्रजी कोणत्या तरी दुसऱ्याच भाषेच्या चालीवर चालते, एवढे तेव्हा जाणवले होते. ती दुसरी भाषा म्हणजे ही.

आकडे सांगायचे तर २०२२ च्या जनगणनेत साडेअठरा लाखांहून अधिक लोकांनी आपल्याला आयरिश येते असे लिहून दिले. त्यांतले शाळा-कॉलेजाबाहेर ती रोज बोलणारे ७१,९६८. राज्यघटनेनुसार ती देशाची पहिली अधिकृत भाषा आहे. युरोपीय संघाची अधिकृत भाषा २००७ पासून आहे. मानमरातबात काही कमी नाही. जी काही रोजची बोलणी उरली आहेत त्यांतली बरीचशी पश्चिम किनाऱ्यावरच्या काही तुकड्यांत आहेत, ज्यांना 'गेल्टाख्त' म्हणतात. आम्ही गेलो तो तुकडा केरी परगण्यातला, डिंगल द्वीपकल्पाच्या टोकाचा. आयरिशमध्ये त्याचे नाव कोर्का ग्विने.

डब्लिनहून रेल्वेने ट्रलीला आणि तिथून बसने डिंगल. बसमध्ये शेजारी बसलेल्या आजोबांनी या गावाच्या नावाची गोष्ट सांगितली. २००५ पासून सरकारने गेल्टाख्तमधल्या गावांची इंग्रजी नावे पाट्यांवरून काढली आणि डिंगलचे 'अन डँगन' झाले. भाषाप्रेमींना आनंद झाला, गावाला मात्र झाला नाही; पर्यटक जगभर 'डिंगल' शोधतात. २००६ साली गावाने मतदान घेऊन दोन्ही नावे मागितली आणि २०११ मध्ये कायदा बदलून ती मिळवली. आजोबा स्वतः कोणत्या बाजूचे ते शेवटपर्यंत कळले नाही. मुळात ही गावनावे इंग्रजी कानांना जशी ऐकू आली तशी नकाशावर उतरली, त्यात एकोणिसाव्या शतकातल्या सैनिकी मोजणीचा वाटा मोठा. ब्रायन फ्रील यांचे १९८० चे 'ट्रान्सलेशन्स' हे नाटक त्याच मोजणीवर आहे. जाता जाता : आपल्याकडच्या त्रिकोणमितीय सर्वेक्षणाचे जॉर्ज एव्हरेस्ट ही आयर्लंडची मोजणी पाहायला गेले होते आणि तिथे वापरलेल्या पद्धतीच्या मोजपट्ट्या त्यांनी हिंदुस्थानात आणल्या. एकाच पेटीतली हत्यारे दोन्हीकडे फिरली.

खिडकीतून दिसणारा मुलूख परका वाटला नाही, याचे थोडे आश्चर्य वाटले. पाऊस होताच, पण तो आपल्यासारखा कोसळत नव्हता. तो तिथे राहायलाच असल्यासारखा होता. शेतांच्या कडेने दगडावर दगड रचलेले, चुना-मातीशिवाय उभे असलेले गडगे थेट कोकणातले. त्यांच्या आधाराने फ्यूशियाची लाल लोंबती फुले. हे झुडूप मूळचे दक्षिण अमेरिकेचे, बागेतून सुटून रानात गेलेले, पण आयरिश भाषेने त्याला आपलेसे करून नाव दिले आहे 'द्योरा दे', म्हणजे देवाचे अश्रू. डोंगरांच्या उतारांवर, आता कोणी नांगर धरणार नाही इतक्या उंचीवर, समांतर वळ्या दिसत होत्या. हिरव्या कॉर्डुरॉयचे कापड अंथरावे तशा. आम्ही त्यांचे फोटो काढले. छान दिसत होत्या. त्या वळ्या म्हणजे बटाट्याचे सोडून दिलेले वाफे आहेत, हे दुसऱ्या दिवशी वर्गात कळले. १८४५ पासून लागोपाठ बटाट्यावर रोग पडला. दहा लाखांच्या आसपास माणसे मेली, तितकीच देश सोडून गेली. सपाट जमीन मालकांची, म्हणून गरिबांनी डोंगर चढत वर वर बटाटा लावला होता. जे वाफे लावणारे परत आले नाहीत ते तसेच गवताखाली राहिले.

त्या रात्री आम्ही ते फोटो पुन्हा पाहिले, पुसून मात्र टाकले नाहीत. त्या दुष्काळात लंडनच्या तिजोरीतून मदतीचा हात आखडता घेणारा अधिकारी ट्रेव्हेलियन हा आधी कंपनीच्या नोकरीत कलकत्त्याला होता आणि पुढे १८५९ साली मद्रासचा गव्हर्नर झाला. १८७७ च्या दख्खनच्या दुष्काळात सर रिचर्ड टेंपल यांनी खडी फोडणाऱ्यांचे धान्य दिवसाला एक पौंडावर आणले, ते आपल्याला इतिहासाच्या पुस्तकातून ठाऊक असते. त्याच पंथाचे पाऊल. पण आपल्या दुष्काळाच्या खुणा डोंगरावर अशा लिहिलेल्या राहिल्या नाहीत. किंवा राहिल्या असतील, आम्ही पाहिल्या नसतील.

आता भाषेविषयी. हा भाग लांबेल, पण आमच्या धंद्याचा आहे.

इंग्रजीतले 'हॅव' हे क्रियापद आयरिशमध्ये नाही. पुस्तक 'असते' ते 'माझ्यापाशी' असते. भूक 'माझ्यावर' असते, दुःखही माझ्यावर असते, थंडी, तहान, लाज सगळे बाहेरून येऊन माणसावर बसते. भाषा येते हे सांगायचे तर 'आयरिश माझ्यापाशी आहे' असे म्हणायचे. बसचालक आणि मॅसॅच्युसेट्सच्या बाई इथे अडखळत; त्यांना प्रत्येक वाक्यात 'मी' कर्ता हवा असे. आम्हांला मात्र वाटले, हे तर घरचेच. मला भूक लागते, मला राग येतो, मला ती भाषा येते, माझ्याकडे पैसे नाहीत. मराठीत 'हॅव' नाही हे इतकी वर्षे मराठी शिकवून आमच्या ध्यानात आले नव्हते. ते केरीत आले. शिवाय आयरिशमध्ये 'हो' आणि 'नाही' यांना शब्द नाहीत. विचारलेले क्रियापदच उलट द्यायचे. "येणार का?" "येणार." "जेवलात?" "जेवलो." शिक्षक हा नियम फळ्यावर लिहून सरावासाठी उदाहरणे देऊ लागला तेव्हा आम्ही दोघी एकमेकींकडे पाहून हसलो, आमचा सराव आजोळी झाला होता.

पण गर्व फार टिकला नाही. मराठीत विभक्तीचा प्रत्यय लागला की शब्दाची शेपटी बदलते : घोडा, घोड्याला. सामान्यरूप शिकवताना आमच्या मुलांच्या डोळ्यांत जी कणव दाटते ती आम्ही ओळखून आहोत. आयरिशमध्ये बदलते ते शब्दाचे डोके. शेमस नावाच्या माणसाला हाक मारायची तर 'अ हेमिश' म्हणायचे. हाकेपुरता शेमसचा हेमिश होतो. मग शब्दकोशात शब्द शोधणार कुठे? चेहराच बदललेला. आठवडाभर आम्ही चुकत राहिलो. वहीवर लाल शाईच्या खुणा पाहताना, आजवर आम्ही किती जणांच्या वह्या अशा लाल केल्या, याचा हिशेब मनात सुरू झाला. मुख्य म्हणजे बरोबर काय ते लिहून देण्याची तसदी किती वेळा घेतली, याचा.

राहायला एका घरी होतो. गेल्टाख्तमध्ये विद्यार्थ्यांना घराघरांतून ठेवायची पद्धत आहे. घरच्या बाईला 'बॅन अ ती' म्हणतात. आपल्या घरधनीण या शब्दाच्या जवळ जाणारे. आमच्या घरधनीणबाई सत्तरीच्या होत्या. एका ताटात तीन प्रकारचे बटाटे वाढत आणि चौथा हवा का विचारत. पहिल्याच रात्री त्यांनी विचारले, तुमची भाषा शाळेत सक्तीची आहे का? २०२० च्या कायद्याने महाराष्ट्रातल्या सगळ्या शाळांत सक्तीची केली आहे, असे आम्ही जरा अभिमानाने सांगितले. त्या हसल्या आणि म्हणाल्या, "झालं मग!"

त्या हसण्याचा अर्थ दुसऱ्या दिवशी कळला. वर्गात शिक्षकाने पेग सेयर्स हे नाव उच्चारले मात्र, बसचालकाने कपाळावर हात मारून तिच्या आत्मचरित्राचे पहिले वाक्य रडक्या सुरात म्हणून दाखवले. आयरिश भाषेत दोन वाक्ये बोलता येत नाहीत म्हणणारा माणूस ते वाक्य मात्र अस्खलित म्हणत होता. शाळेत या पुस्तकाने आमचा जीव घेतला, असे त्याचे म्हणणे. आणि ते त्याच्या एकट्याचे नाही. पिढ्यान् पिढ्यांना हे पुस्तक नेमलेले होते, आणि आयरिशविषयीच्या नावडीचे खापर पेगवर फोडणारी माणसे आम्हांला डब्लिनमध्येही भेटली.

पेग १८७३ साली दून खीन या गावी जन्मली. नकाशावरचे डनक्विन ते हेच. लग्न होऊन समोरच्या ग्रेट ब्लास्केट बेटावर गेली. शाळेत तिला शिकवले ते इंग्रजी; बोलायची ती भाषा लिहायला कोणी शिकवले नाही. मुले झाली, त्यांतली काही गेली, एक मुलगा कड्यावरून पडून गेला, उरलेली एकेक करून अमेरिकेला गेली. तिची कहाणी तिने सांगितली आणि तिच्या मुलाने, मायकलने, लिहून घेतली. या मुलाला लोक 'कवी' म्हणूनच ओळखत. १९३६ साली पुस्तक आले.

मराठीच्या वाचकाला इथे थांबवून काही सांगायची गरज नाही. लिहिता न येणारी आई, सांगितलेले उतरवून घेणारा कवी मुलगा. सोपानदेवांनी उतरवून घेतलेली बहिणाबाईंची गाणी अत्र्यांच्या प्रस्तावनेसह १९५२ मध्ये आली. बहिणाबाई १८८० च्या, पेग १८७३ ची. दोघींना एकमेकींच्या गावाचे नाव माहीत असण्याचे कारण नव्हते. पण नशिबे किती निराळी! बहिणाबाईंच्या ओळी माणसे लग्नपत्रिकांवर छापतात, आणि २०१८ मध्ये जळगावच्या विद्यापीठाला त्यांचे नाव दिले गेले. पेगच्या वाट्याला बसचालकाचा रडका सूर.

असे का व्हावे, यावर आम्ही तिथे बरेच बोललो. कविता आणि गद्य हा फरक आहेच. चार ओळी पाठ होतात. दोनशे पानांचे दुःख परीक्षेसाठी वाचावे लागले तर ते दुसऱ्याचेच राहते. पण दुसरे एक कारण आम्हांला अधिक पटते. नव्या राष्ट्राला सोशिक, धर्मभीरू, गरीब आणि समाधानी अशी एक आई हवी होती. संपादनात आणि शालेय आवृत्तीत पेग तशी करून घेतली गेली. लोकवाङ्मय आयोगाच्या संग्राहकांनी तिच्याकडून शेकडो कथा उतरवून घेतल्या. त्यांतली पेग चिलीम ओढणारी, नकला करणारी, थट्टेखोर बाई आहे. ती वर्गात आलीच नाही. शाळेला जे हवे तेवढेच घेतले आणि मग मुलांनी शाळेवरचा राग तिच्यावर काढला. अशा आत्मकथनांतल्या दुःखाच्या साच्याची फ्लॅन ओब्रायन यांनी १९४१ मध्येच आयरिश भाषेत यथेच्छ खिल्ली उडवली होती, ही त्यातल्या त्यात भाषेच्या जिवंतपणाची खूण.

आणि बहिणाबाई? त्या खरेच सुटल्या का? आमच्याकडच्या उत्तरपत्रिकांत त्यांच्याविषयीचे उत्तर 'अशिक्षित असूनही' या शब्दांनी सुरू होते आणि 'बोलीभाषेचा गोडवा' या शब्दांनी संपते. हे शब्द मुलांनी कुठून आणले? आम्हीच दिले. कठीण शब्दांचे अर्थ फळ्यावर, बोलीतल्या रूपापुढे प्रमाण रूप, मध्ये बरोबरचे चिन्ह.

घरधनीणबाईंना आम्ही हे सांगितले तेव्हा त्यांनी स्वतःची एक गोष्ट सांगितली. या भागात 'मी होते' हे एकाच शब्दात म्हणतात, 'वीस' असे. (आम्हांला आधी वाटले, कसले वीस?) मराठीत 'होते' म्हटले की 'मी' वेगळा म्हणावा लागत नाही, तसेच ते. पुस्तकी आयरिशमध्ये ते दोन शब्दांत आहे, 'वी मे'. १९५८ मध्ये अधिकृत प्रमाणभाषा ठरली. बाई बारा वर्षांच्या असताना दूरच्या एका निवासी शाळेत गेल्या. पहिल्याच निबंधात त्यांनी पानभर 'वीस' लिहिले. बाईंनी एकूण एक ठिकाणी खोडून वर्गाला दाखवले. वर्गात त्या भाषेत जन्मलेली ती एकटी मुलगी, आणि तीच नापास. "त्यानंतर मी ती घरीच ठेवली," त्या म्हणाल्या. भाषेविषयी बोलत होत्या, पण पावसाळी कोटाविषयी बोलावे तसे. मग उठून त्यांनी शेगडीत पीटची आणखी एक वीट टाकली.

आमच्यापैकी एक त्या रात्री फारशी बोलली नाही.

दुसऱ्या दिवशी वर्गाला सुट्टी होती. ब्लास्केटला जायचे ठरले होते. दून खीनचा धक्का पाहिलेल्यांना सांगायला नको : उंच कड्यावरून एक अरुंद वाट वळणे घेत खाली पाण्यापर्यंत उतरते. याच वाटेने बेटावरची माणसे आपले 'नेव्होग', म्हणजे लाकडी सांगाड्यावर डांबर माखलेले कापड ताणलेली होडी, उलटी डोक्यावर घेऊन चढत. आम्ही पोचलो तेव्हा वर पाटी लावलेली होती : समुद्रामुळे आज बोट नाही. दुसऱ्या दिवशीही तीच पाटी. आकाश स्वच्छ होते, ऊन होते, बेट जेमतेम तीन मैलांवर होते. त्यावरच्या छप्पर नसलेल्या घरांच्या भिंती मोजता येत होत्या. मधल्या पाण्यात आम्हांला तरी काही दिसत नव्हते. पण बोट नव्हती.

पुस्तकात वाचलेले तिथे उभे राहिल्यावर समजले. १९१६ च्या सुमारास या बेटावर पावणेदोनशेच्या आसपास माणसे होती. त्यांतून तोमास ओ क्रिहनसारखा लेखक निघाला, जो ऐन प्रौढपणी आपली भाषा वाचायला-लिहायला शिकला आणि ज्याचे 'द्वीपवासी' १९२९ मध्ये आले, मुरिस ओ सुलिवान निघाला, पेग होतीच. एवढ्याशा वस्तीने इतके वाङ्मय दिल्याचे उदाहरण आम्हांला तरी दुसरे ठाऊक नाही. मग तरुण माणसे जात राहिली, बरीचशी मॅसॅच्युसेट्समधल्या स्प्रिंगफील्डला. १९४७ च्या आरंभी शॉनीन ओ कार्ना हा विशीतला तरुण मेंदूज्वराने गेला. वादळ होते, डॉक्टर येऊ शकला नाही, धर्मगुरू येऊ शकला नाही. त्याच वर्षी उपासमारीच्या भीतीने बेटाने पंतप्रधान डी व्हॅलेरांना तार केली. १७ नोव्हेंबर १९५३ रोजी बेट रिकामे करायला सुरुवात झाली. तेव्हा उरली होती जेमतेम बावीस माणसे. त्यांना नेले कुठे, तर इथेच, समोरच्या किनाऱ्यावर. उरलेले आयुष्य त्यांनी स्वतःची घरे समोर पडताना पाहत काढले. २०२० साली याच बेटावरची दोन माणसांची हंगामी नोकरी जाहीर झाली, तेव्हा जगभरातून हजारो अर्ज आले म्हणे. असो.

धक्क्याच्या वरच्या गडग्यावर आम्ही बसलो होतो. तिथे एकीने दुसरीला सांगितले, ते वीस वर्षांच्या मैत्रीत पहिल्यांदा.

तिचे माहेर जळगाव जिल्ह्यातले. म्हणजे ज्या बोलीचा गोडवा आम्ही फळ्यावर लिहितो, तीच तिच्या आईची बोली. तिथे 'ळ' चा 'य' होतो. डोळा म्हणजे डोया. लेक नोकरीला लागल्यावर आई तिच्याकडे राहायला आली. एकदा विभागातले सहकारी घरी आले होते. आईने फळांची बशी पुढे केली आणि म्हणाली, "केयं घ्या." लेकीने हसत हसत दुरुस्त केले, "केळं म्हण गं आई." सगळे हसले. आईही हसली. त्यानंतर पाहुणे आले की आई चहा करायला आत जाई आणि बाहेर येत नसे. लेकीला वाटे, आईला माणसांची सवय नाही. त्याच वर्षी लेकीने 'बोलींचे संवर्धन : काळाची गरज' हा निबंध एका चर्चासत्रात वाचला होता. आईला जात्यावरच्या ओव्या येत, पुष्कळ येत. पहाटे आत स्वतःशीच म्हणत असे. उतरवून घ्यायच्या होत्या. सुट्टीत घेऊ, परीक्षा झाल्या की घेऊ, पेपर तपासून झाले की घेऊ. २०२१ च्या एप्रिलमध्ये दुसऱ्या लाटेत आई गेली. तिच्या आवाजाचे फोनमध्ये एकूण ध्वनिमुद्रण सत्तेचाळीस सेकंदांचे आहे. त्यात ती लोणच्याला मीठ किती घालायचे ते सांगते.

ऐकणारीने काय म्हणावे? आम्ही दोघी तशाच बसून राहिलो. ऊन होते. खाली धक्क्यावर एक जर्मन कुटुंब पाटी वाचून परतत होते. नंतर शेजारच्या ब्लास्केट केंद्रात गेलो. १९९३ मध्ये उघडलेली ही वास्तू म्हणजे एक लांबच लांब मार्गिका आहे. दोन्ही बाजूंना बेटाचे सामान, पुस्तके, आवाज, आणि टोकाला खिडकी, जिच्यातून बेट दिसते. तिथे कानाला यंत्र लावून बेटावरच्या माणसांचे आवाज ऐकता येतात. एकीने ते यंत्र लावले नाही.

पेगची कबर दून खीनच्याच दफनभूमीत आहे, समुद्राकडे तोंड करून. तिथे गेलो, पण पाऊस आला म्हणून फार थांबलो नाही.

परत आल्यावर कामे होतीच. पुढच्या वर्षी विशेष मराठीला चार विद्यार्थी आले. ऑक्टोबर २०२४ मध्ये मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, तेव्हा स्टाफरूममध्ये पेढे वाटले गेले, आम्हीही खाल्ले. पुण्यात हेमा राईरकर आणि गी प्वातवाँ यांनी जात्यावरच्या लाखभर ओव्या खेड्यापाड्यांतून गोळा केल्या, त्या आता कोणालाही ऐकता येतात. आम्ही त्यांत जळगावकडच्या काही सापडतात का ते पाहत बसलो. चाल ओळखीची वाटली, पण आवाज अनोळखी होते.

त्या दिवाळीत आम्ही दोघी जळगावकडे मावशीच्या गावी गेलो. मावशी अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या. फोन टेबलावर ठेवला, सुरू केला, आणि ओवी म्हणायला सांगितली. त्यांनी फोनकडे पाहिले आणि विचारले, "जातं कुठे हाये?" जाते होते. खालची तळी न्हाणीघरासमोर पायरी म्हणून बसवलेली होती, वरच्या पाळीवर तुळशीचा डबा होता, खुंटा केव्हाच गेला होता. हात फिरल्याशिवाय ओवी येत नाही, असे त्यांचे म्हणणे. शेवटी टेबलावरच्या प्लास्टिकवर त्यांनी तळवा ठेवला आणि गोल गोल फिरवू लागल्या. बराच वेळ नुसताच हात फिरला. मग एक आली. दुसरीही आली, सलग. तिसरीच्या अर्ध्यावर हात थांबला. त्यांनी पुन्हा पहिल्यापासून फिरवून पाहिला.

"हे तुह्या मायले येत होतं," त्या म्हणाल्या. "मले नाही."

फोन आणखी मिनिटभर सुरू होता. त्यात पुढे मावशींनी चहात साखर किती घालू ते विचारल्याचे आहे.